साखरेच्या आकड्याशेजारी जेवणाची वेळ लिहा

प्रति,
विदर्भातील अकराही जिल्हा परिषदांच्या आरोग्य समित्यांचे सदस्य, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि तालुका आरोग्य अधिकारी यांस

विषय: गावपातळीवरच्या मधुमेह तपासणीत जेवणानंतरची शुगर मोजण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी २९ वर्षं प्रयोगशाळा तंत्रज्ञ होतो. हिवतापाच्या काचा, थुंकीचे नमुने, सिकलसेल या लाल पेशींच्या आनुवंशिक आजारासाठीची सोल्युबिलिटी टेस्ट, हिमोग्लोबिन, आणि शेवटच्या दहा-बारा वर्षांत सगळ्यात जास्त शुगर. किती बोटं टोचली याचा हिशेब नाही. शुगरचं नाव निघालं की आदल्या दिवशी मी गावात एकच निरोप धाडायचो: उद्या उपाशी पोटी या. त्या निरोपाबद्दलच हे पत्र आहे.

मागणी छोटी आहे, म्हणून ती आधीच सांगून टाकतो. रजिस्टरमध्ये आणि माणसाच्या हातात जाणाऱ्या कागदावर, शुगरच्या आकड्याशेजारी शेवटचं जेवण किती वाजता झालं ते लिहिणं सक्तीचं करा. आणि ज्याच्याबद्दल शंका आहे त्याला नुसतं उपाशी पोटी तपासून घरी धाडू नका. जेवल्यावर दोन तासांनी किंवा ग्लुकोज पाजून दोन तासांनी तपासल्याशिवाय कुणाच्याही नावापुढे 'शुगर नाही' असं लिहू नका.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, कापसाचा शेतकरी. अंगानं काटकुळा, पहाटे उठून वावरात जाणारा. पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात आमच्या समाजमंदिरात शिबिर होतं आणि रक्त घ्यायला मीच बसलो होतो. दादा यायला तयार नव्हता. "मले कायची शुगर? शुगर तं जाड्या मानसाले होते," असं म्हणत होता. मी ओढून आणलं. उपाशी पोटी १०८ आली. तेव्हा आमच्याकडे १२६च्या खालच्या सगळ्यांना 'नॉर्मल' लिहायची रीत होती. मी लिहिलं. १०८ हा आकडा काठावरचा आहे, याचं जेवणानंतरचं बघावं, हे माझ्या मनात आलं नाही. बाहेर ऐंशी माणसं उपाशी ताटकळत होती.

पाच वर्षांनी उलंगवाडी झालेल्या, म्हणजे कापसाची वेचणी संपलेल्या वावरात पऱ्हाटीचं धसकट त्याच्या पायात घुसलं. चप्पल फाडून अंगठ्याच्या बाजूला शिरलं होतं. दोन दिवस तो तसाच चालला. दुखलंच नाही. तिसऱ्या दिवशी वहिनीला मोज्यातून वास आला, तेव्हा कळलं. नागपूरला नेलं तोवर पाय काळा पडायला लागला होता आणि शुगर ३४० होती. अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी पायाला काटा टोचून, तारेसारखा दोरा लावून पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, पायाची जाणीव गेली आहे, ही एका वर्षाची गोष्ट नाही, बऱ्याच वर्षांपासून शुगर असणार. त्या शिबिराच्या दिवशी दादाला जेवू घालून दोन तासांनी तपासलं असतं तर किती आली असती, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. पण माझ्या अक्षरातला 'नॉर्मल' हा शब्द त्याच्या फायलीत अजून आहे.

नागपूरहून परतल्यावर मी घरातल्या सगळ्यांना तपासायचं ठरवलं. वहिनीला सवयीनं सांगितलं, सकाळी काही खाऊ नका. ९८ आली. मी मशीन बंद करायला लागलो तशी त्या म्हणाल्या, "भाऊजी, आमी दिवसभर उपाशी रायतो का? जेवूनच काम करतो ना. मंग जेवल्यावरचं काऊन नाई पाहत?" मी गप्प झालो. त्याच दिवशी दुपारी दोन भाकरी, वांग्याची भाजी, वरण आणि भात असं रोजचं जेवण त्या जेवल्या. पहिल्या घासापासून दोन तासांनी मोजली, तर २३१. पुढं तालुक्याला नेऊन ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून रीतसर तपासणी केली. दोन तासांनंतरचा आकडा २१८ आला. २०० किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह. उपाशी पोटी ९८ असलेली बाई मधुमेही होती. २९ वर्षं प्रयोगशाळेत काढून ही गोष्ट मला वहिनीच्या प्रश्नानं कळली.

असं का होतं, ते आपल्यातल्या डॉक्टरांना मी सांगायची गरज नाही. पण आरोग्य समितीवर शेतकरी सदस्यही आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. बैलबाजारात आपण बैल कसा पारखतो? रिकाम्या बंडीला जुंपून चार पावलं चालवलं की झालं, असं कुणी करत नाही. रिकामी बंडी थकलेला बैलही ओढतो. बंडीत कापूस भरा, चढाला घाला, मग कळतं त्याच्या खांद्यात किती दम आहे ते. शरीराचंही तसंच आहे. रात्रभर पोट रिकामं असतं, यकृत थोडी थोडी साखर रक्तात सोडत राहतं, ती सांभाळायला थोडं इन्शुलिन पुरतं. जेवल्यावर मात्र साखरेचा लोंढा येतो. त्या वेळी स्वादुपिंडानं झटकन इन्शुलिन सोडावं लागतं आणि स्नायूंनी ती साखर उचलावी लागते. बऱ्याच जणांत आधी हा झटकाच मंदावतो. उपाशी पोटीची साखर त्यानंतर कितीतरी काळानं वर चढते. रिकाम्या बंडीवर बैल पारखून आपण गावंच्या गावं 'नॉर्मल' ठरवत आलो आहोत.

'जाड्या माणसाला होते' हा समज तर आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मनातही आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि इंग्लंडच्या डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय २२.३, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सारखंच. पण अंगातली चरबी एकाची ९ टक्के आणि आपल्या मराठी डॉक्टरांची २१ टक्के. वरून बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी आत लपलेली असते. आमच्या दादासारखी काटकुळी माणसं शिबिरात मागं राहतात आणि कुणी त्यांना पुढं बोलावत नाही.

आता गावात प्रत्यक्ष काय होतं ते बघा. शासनाचा कार्यक्रम कागदावर चांगला आहे. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची आशाताईंनी घरोघरी माहिती भरायची, उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, ग्लुकोमीटरवर शुगर बघायची. ही तपासणी कधीही करतात, तिला रॅन्डम म्हणतात. १४०च्या वर गेली की डॉक्टरकडे पाठवायचं. इथपर्यंत ठीक. समजा एखाद्या बाईची रॅन्डम १७८ आली. ती सकाळी आठला चहा-पोळी खाऊन दहाला आली होती, की काल रात्रीपासून उपाशी होती? नोंद नाही. उपाशी पोटी १७८ आणि जेवल्यावर १७८ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, पण रजिस्टरात दोन्ही सारखेच दिसतात. तिला सांगितलं जातं, उद्या उपाशी पोटी प्राथमिक आरोग्य केंद्रात या. ती येते. १०६ निघते. "काही नाही, जा घरी." झालं, यादीतून नाव गेलं. जी बाई जेवणानंतरच्या आकड्यानं सापडली होती, तिला उपाशी पोटीच्या आकड्यानं आपण सोडून दिलं. मी स्वतः कितीतरी जणांना असं सोडलं आहे.

शिवाय 'उपाशी पोटी' हे आपल्याला वाटतं तितकं सोपं नाही. आठ तास पाण्याशिवाय काही नको, हा त्याचा अर्थ. गावात 'उपाशी' आणि 'उपवास' हे शब्द शेजारशेजारी राहतात. माझ्याकडे शेंगदाण्याचे लाडू खाऊन लोक आले आहेत, कारण उपवासाला ते चालतात. साखर घातलेला चहा पिऊन तर निम्मे येतात; चहाला कुणी खाणं धरत नाही. वेळ विचारून लिहायची सवय असती, तर हा घोळ तिथंच सापडला असता.

जेवणानंतर दोन तास ही काही माझ्या मनची कल्पना नाही. आपलंच आरोग्य खातं गरोदर बायांना ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतं आणि दोन तासांनी शुगर बघतं. पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. बाई जेवून आली की उपाशी, याची अट नाही. १४० किंवा जास्त आली की गरोदरपणातला मधुमेह धरायचा. ही पद्धत चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुजवली. त्यांचं म्हणणं होतं की भारतातल्या गरोदर बाईला पुन्हा उपाशी पोटी बोलावलं तर ती येईलच असं नाही. कापूस वेचणाऱ्या बाईला हे म्हणणं लागू नाही का? ग्लुकोजची पाकिटं केंद्रात आहेत, नर्सबाईंना ते कसं करायचं ते माहीत आहे. आणि देशात मधुमेही किती हे शोधणाऱ्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, मोठ्या पाहणीतही लोकांना ग्लुकोज पाजून दोन तासांनी बोटातलंच रक्त तपासलं होतं. १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी त्या वाटेवरचे, हा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला आकडा त्या पाहणीचा. तिच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ६.५ टक्के मधुमेही निघाले होते. देश मोजताना ज्या तपासणीवर विश्वास ठेवला, ती गावात एका माणसाला तपासताना बाजूला का ठेवायची?

यावर कुणी म्हणेल, आता एचबीएवनसी आहे, तीन महिन्यांची सरासरी सांगते, उपाशी-जेवलेलं काही बघायला नको. पुण्या-मुंबईत हे बऱ्यापैकी खरं असेल. विदर्भात जपून. आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ या भागांत सिकलसेल किती आहे हे आपल्याला ठाऊक आहे. एचबीएवनसी ही लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते. सिकलसेलच्या रुग्णात लाल पेशी लवकर मरते, साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. वाहक असलेल्यांतही काही पद्धतींच्या यंत्रांवर गोंधळ होतो. उलट, लोहाच्या कमतरतेनं तो खोटा वाढलेला दिसू शकतो, आणि आपल्या बायांमध्ये रक्त कमी असणं किती आहे ते मी सांगायला नको. ज्या भागात मी एकाच सकाळी सोल्युबिलिटी टेस्टही करायचो आणि शुगरही बघायचो, तिथं एकट्या एचबीएवनसीच्या भरवशावर माणसाला मोकळं करणं मला पटत नाही.

जेवणानंतरच्या तपासणीतही चुका होतात, त्या लपवण्यात अर्थ नाही. दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, ताटावरून उठल्यापासून नाही. मधे चहा नको. तपासणी आहे म्हणून लोक अर्धी भाकर खाऊन येतात, त्यांना रोजच्यासारखं जेवा असं स्पष्ट सांगावं लागतं. घरच्या जेवणाचं माप सगळ्यांचं सारखं नसतं. भंडाऱ्याच्या धानपट्ट्यातलं भाताचं ताट आणि आमच्याकडची ज्वारीची भाकर यांत फरक पडणारच. शिवाय जेवल्यावर बोटातल्या रक्ताचा आकडा शिरेतल्या रक्तापेक्षा थोडा जास्तच येतो. म्हणून ही तपासणी चाळणीसारखी वापरायची: १४०च्या वर आली की ग्लुकोज पाजून शिरेतल्या रक्तावर पक्कं करायचं. नुसत्या मशीनवर कुणाला गोळ्या सुरू करा असं मी म्हणत नाही.

आणि हात धुवा. एकदा मे महिन्यात एका म्हाताऱ्या बाईची ३११ आली. ती रडायला लागली. मला तिच्या नखांच्या कडेला पिवळं दिसलं. आंब्याच्या फोडी चिरून ती तशीच आली होती. साबणानं हात धुऊन, पुसून, दुसऱ्या बोटाच्या कडेला टोचलं तर १२८. स्पिरिटचा बोळा फिरवल्यानं आंब्याचा रस जात नाही, पाणीच लागतं.

मे महिन्यावरून आणखी एक. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या साधारण ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात, बहुतेक डब्यांवर तसं छापलेलं असतं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५च्या वर जातो. पट्ट्यांची डबी गाडीच्या डिक्कीत असते आणि गाडी उपकेंद्राच्या टिनाच्या छपराबाहेर. अशा पट्टीनं दिलेल्या आकड्यावर कुणाचं काय ठरवायचं? प्रत्येक उपकेंद्रात लसींसाठी थंड डबा जातो, त्या शिस्तीतली थोडी शिस्त पट्ट्यांनाही हवी. शिरेतलं रक्त तालुक्याला पाठवतानाही तेच. साध्या बाटलीत ठेवलं तर रक्तातल्या पेशी साखर खात राहतात, तासाला पाच-सात टक्के कमी होते, उन्हात आणखी जास्त. राखाडी टोपणाची फ्लोराइडची बाटली त्यासाठीच असते. ती संपली की साध्या बाटलीत भरून पाठवलेलं मी पाहिलं आहे. सकाळी काठावर असलेला माणूस संध्याकाळच्या रिपोर्टात नॉर्मल होतो.

सगळ्यात अवघड प्रश्न वेळेचा. आपली ओपीडी सकाळची. निंदणाला, वेचणीला जाणारी बाई सकाळी शिदोरी बांधून निघते, एक-दीडला बांधावर जेवते आणि दिवस मावळता घरी येते. दवाखान्यात जेवून दोन तास बसायला लावलं तर तिची रोजी बुडते. ती येणार नाही, आणि तिचं चुकत नाही. म्हणून आपल्याला तिच्या जेवणाच्या वेळेला जावं लागेल. सप्ताहाच्या काल्याला सगळं गाव एका पंगतीत जेवतं, दोन तासांनी मंडपातच मशीन घेऊन बसता येईल. लग्नसराईत, पोळ्याच्या पुरणपोळीनंतर, ग्रामसभेच्या दिवशी. आणि वावरात.

वावरात मी जाऊन पाहिलं आहे. गेल्या वेचणीत वहिनींच्या टोळीत चौदा जणी होत्या. त्यांची आणि वावराच्या मालकाची परवानगी घेतली, गावच्या आशाताईंना सोबत घेतलं. एक वाजून दहा मिनिटांनी बाभळीखाली सगळ्यांनी डबे उघडले. मी वहीत वेळ टाकली. जेवण झालं, पाणी पिऊन सगळ्या परत ओळीला लागल्या. तीन वाजून दहा मिनिटांनी मी एकेकीला ओळीतून बोलावलं. कॅनच्या पाण्यानं आणि साबणानं हात धुवायचे, बोट टोचायचं, पुन्हा कामाला. प्रत्येकीची चार मिनिटं गेली, कुणाची मजुरी कापली गेली नाही. बाराजणींचा आकडा ठीक होता. एकीचा १६३. आणि टोळीतल्या सगळ्यात बारीक बाईचा २४६. वय चाळिशीचं, पदरात तीन मुलं, कधी दवाखान्याची पायरी न चढलेली.

मी दोघींना दवाखान्यात दाखवायला चिठ्ठ्या लिहून दिल्या. जेवण १.१०, तपासणी ३.१०, आकडा, आणि खाली 'कृपया ग्लुकोज पाजून दोन तासांनी तपासावे' असं. १६३ वाली अजून गेली नाही. २४६ वाली एका दिवसाची रोजी सोडून, तिकिटाचे पैसे खर्चून गेली. तिथं चिठ्ठी वाचून सांगितलं, असं नसतं, उद्या उपाशी पोटी ये. ती दुसऱ्या दिवशीही गेली. ११२ आली. कागदावर 'नॉर्मल' लिहून मिळालं, जेवणाच्या वेळेचा रकाना त्या कागदावर नव्हताच. मला दाखवायला आली तेव्हा तिचा चेहरा फुलला होता. "भाऊ, तुमची मशीन चुकली, मले काईच नाई," म्हणाली. मी तिला पुन्हा जा म्हणालो. तिसरी रोजी कोण देईल, असं तिनं विचारलं.

दसऱ्यानंतर पुन्हा वेचणी सुरू होईल. त्याआधी आपल्या एका तरी जिल्हा परिषदेनं रजिस्टरात तो एक रकाना वाढवावा, आणि उपाशी पोटीचा आकडा १००च्या वर असो की रॅन्डम १४०च्या वर, दोन तासांची तपासणी झाल्याशिवाय नाव यादीतून काढू नये असं लेखी कळवावं. वावरात, मंडपात, जिथं म्हणाल तिथं मी माझं मशीन घेऊन बिनपैशानं येईन, आशाताईंना आणि नव्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना हात धुण्यापासून वेळ लिहिण्यापर्यंत सगळं दाखवीन.

त्या बाईची चिठ्ठी आणि तिचा 'नॉर्मल' लिहिलेला कागद, दोन्ही माझ्याकडे आहेत. तिला आता कुठं पाठवू, एवढं कळवा.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
यवतमाळ जिल्हा